गाडी पकडणे

'गाडी पकडणे' हा शब्दप्रयोग आमच्या आईला मुळीच खपत नाही. ती संगमेश्वरकडची. "गाडी गाठायची असते रे," ती म्हणते, "पकडायला ती काय खुराड्यातून सुटलेली कोंबडी आहे?" हा इंग्रजी 'कॅच'चा प्रताप असावा, असं मी तिला सांगून पाहिलं. "मग इंग्रजाला कोंबड्या माहीत असतील," एवढंच ती म्हणाली.

'कॅच'ची खरी गंमत कळली ती इंग्रजीच्या तासाला. सरांनी फळ्यावर वाक्यांची रांगच लावली. इंग्रज चेंडू, चोर, मासा, सर्दी, आग आणि आगगाडी, सगळं या एकाच क्रियापदात पकडतो! आपण चेंडू झेलतो, चोर पकडतो, मासे धरतो. सर्दी आपल्याला नुसती होते. पेट घेतं ते लाकूड. आणि गाडी निसटली तर इंग्रज ती 'मिस' करतो, म्हणजे चूक त्याची. मराठीत मात्र 'माझी गाडी चुकली'. चूक गाडीची, आम्ही नामानिराळे! मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ला. तेव्हा हा घोळ निस्तरायची वेळ त्या बिचाऱ्यांवर आलीच नसावी.

पुढे मराठीच्या तासाला शब्दशक्ती आल्या. लक्षणेसाठी आधी मुख्यार्थाला बाध यावा लागतो. 'गंगेवर गवळीवाडा' म्हटलं, तर प्रवाहावर वाडा कसा राहील? म्हणून गंगा म्हणजे काठ. मी उत्साहाने लिहून दिलं की 'गाडी पकडणे' हेही लक्षणेचंच उदाहरण, कारण एवढी मोठी गाडी काही कुणी हाताने पकडू शकत नाही. बाईंनी शेजारी 'छान' असा शेरा दिला.

तो शेरा मिळवणाऱ्याने सकाळी बोरिवलीच्या फलाटावर उभं राहायला हवं होतं. इथून सुटणारी रिकामी लोकल फलाटाला लागते, पण थांबेपर्यंत कोण थांबतो? माणसं तिच्या बरोबरीने चार पावलं धावतात, दारातल्या मधल्या दांड्यावर हात टाकतात आणि आत फेकली जातात. खिडकीची जागा मिळते ती अशी. तिथे मुख्यार्थाला कसलाही बाध येत नाही.

आमचे बाबा पंचवीस वर्षं असेच चढत आले. गेल्या पावसाळ्यात दांडा ओला होता. ते फलाटावरच पडले म्हणून वाचले, पण उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी मूठ काही पुरती मिटेना. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी एक रबरी चेंडू दिला आणि म्हणाल्या, "काका, पकड यायला वेळ लागेल." तो शब्द ऐकून मी खाली पाहिलं. माझी ती वही दप्तरातच होती.

आता बाबा घरातून अर्धा तास आधी निघतात. एक-दोन गाड्या सोडून देतात. मिळालीच तर चौथी सीट, नाहीतर चर्चगेटपर्यंत उभे. बोरिवलीहूनच २५ डिसेंबर २०१७ ला पहिली वातानुकूलित लोकल सुटली होती. तिची दारं आपोआप मिटतात, म्हणजे ती पकडता येतच नाही, फक्त गाठता येते. आईचं व्याकरण तिथे तंतोतंत लागू पडतं! पण तिच्या पासाचं नाव काढलं की बाबा पंख्याकडे बघत बसतात.

रात्री जेवणं झाली की ते चेंडू दाबत बसतात. चहाचा कप अजून डाव्याच हातात असतो. काल चेंडू निसटून माझ्या पायाशी आला, तो मी उचलून हलकेच त्यांच्याकडे टाकला. त्यांनी सवयीने डावा हात पुढे केला, मग तो मागे घेतला आणि उजवा केला. चेंडू बोटांना लागून पलंगाखाली गेला. मी ओणवा होऊन तो काढला.

"पुन्हा टाक," बाबा म्हणाले.