इस्तंबूल ते सोफिया : एका रात्रीची गाडी

युरोपात रात्रीच्या गाड्या पुन्हा वाढत आहेत, असे अलीकडे ऐकू येते. पण इस्तंबूलहून बल्गेरियाची राजधानी सोफियाला जाणारी गाडी त्या नव्या झगमगाटातली नाही. तिला जेवणाचा डबा नाही, आणि तिकीट काढायला आम्हाला सिरकेजी स्टेशनच्या खिडकीवर जावे लागले. हे सिरकेजी म्हणजे १८९० मध्ये बांधलेले, ओरिएंट एक्स्प्रेसचे शेवटचे स्टेशन. रंगीत काचांच्या गोल खिडक्या, पाहत राहावे अशा. आता तिथून लांब पल्ल्याची गाडी सुटत नाही. जमिनीखाली खोल उतरून मारमाराय लोकल पकडायची, शहराच्या पश्चिम टोकाला हलकालीला जायचे आणि रात्री आठच्या सुमारास तिथून निघायचे.

आम्ही चौघे होतो. आम्ही दोघे, अम्मी आणि दहा वर्षांची लेक. दिवाळीची सुट्टी होती, पाच दिवस इस्तंबूल पाहून झाले होते. विमानाने सोफिया दीड तासाचा रस्ता. पण अम्मीला विमानतळावरची धावपळ नको होती. "रत्नागिरी-मुंबई रात्रभर बसून केलंय, इथे तर झोपायला मिळतंय," असे म्हणून तिने विषय संपवला. बल्गेरियासाठी शेंगेन व्हिसा लागतो, तो मुंबईतूनच काढून ठेवला होता.

डबा तुर्की रेल्वेचा, स्वच्छ. दोन बर्थची खोली, कोपऱ्यात हात धुण्याचे बेसिन आणि एक छोटासा फ्रीज. लेकीने पहिल्या पाच मिनिटांत फ्रीज चार वेळा उघडला. आम्ही शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. सोबत सिमित, चीज, ऑलिव्ह आणि उकडलेली अंडी. पुढच्या देशात हलाल शोधावे लागेल म्हणून अम्मीने खजुराची पिशवी वेगळी बांधली होती. इस्तिंजासाठी बाटली मात्र प्रत्येकाने आपापली ठेवावी; ती नंतर कोणी आणून देत नाही.

नमाजचे गणित घरात आधीच ठरले होते. आमच्याकडे कोकणी शाफई आणि सोलापूरकडच्या हनफी अशा दोन्ही पद्धती नांदतात. हनफी बाजूने मगरिब सिरकेजीजवळच्या मशिदीत वेळेवर अदा केली. शाफई बाजूने प्रवासाची सवलत घेऊन मगरिब इशासोबत जोडली. इशाच्या चारऐवजी दोन रकात दोघांच्याही. गाडी वायव्येकडे धावत असते, म्हणजे किब्ला साधारण मागच्या अंगाला, थोडा डावीकडे. दोन बर्थच्या मधल्या जागेत एका वेळी एकच जण मावतो. अम्मीने बर्थवर बसून नमाज पढली.

ती सलाम फेरत असतानाच उघड्या दारातून एक वृद्ध बाई डोकावल्या. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. "नमाज?" त्यांनी विचारले. "नमाज," अम्मी म्हणाली. अरबीत तिला सलात म्हणतात, पण तुर्कांनी आणि आपण दोघांनी शब्द फारसीतूनच घेतला, तो असा उपयोगी पडला. मग दोघींना नवा खेळच मिळाला. चाय, दुनिया, किताब, हवा. प्रत्येक जुळलेल्या शब्दाला दोघी हसायच्या. बाकीचे बोलणे त्यांचा विशीतला नातू इंग्रजीतून जुळवून देत होता.

बाई तुर्कस्तानात बुर्सा शहरात राहतात, पण जन्म दक्षिण बल्गेरियात कार्जालीजवळच्या खेड्यातला. बहिणीच्या कबरीवर दुआ करायला निघाल्या होत्या.

बल्गेरियात उस्मानी काळापासून तुर्की मुसलमानांची मोठी वस्ती आहे. १९८४-८५ च्या हिवाळ्यात तिथल्या कम्युनिस्ट सरकारने त्यांची नावे बदलण्याची मोहीम काढली. पोलीस आणि लष्कर गावांना वेढा घालत. लोकांनी नवे, स्लाव्ह वळणाचे नाव घ्यायचे आणि जुने विसरायचे. चारचौघांत तुर्की बोलणे गुन्हा, मुलांची सुंता गुन्हा. मेलेल्यांचीही नावे दप्तरात बदलली गेली. १९८९ च्या मे महिन्यात निदर्शने झाली, मग सीमा उघडली, आणि त्या एका उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक माणसे तुर्कस्तानात निघून गेली. कोणी मोटारीवर गादी-पलंग बांधून, कोणी आगगाडीने. सरकारी भाषेत त्यांना 'पर्यटक' म्हटले जाई, म्हणून तो काळ आजही 'मोठी सहल' या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजवट कोसळली आणि पुढच्या वर्षी नावे परत घेण्याचा कायदा झाला. काही लोक माघारी गेले. बाईंचे कुटुंब बुर्सालाच राहिले.

हे सारे त्यांनी एका दमात सांगितले नाही. अर्धे खोलीत कळले, अर्धे सीमेवर.

एदिर्नेला गाडी थांबली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. उस्मानी वास्तुकार सिनान यांनी उतारवयात बांधलेली सेलिमिये मशीद याच शहरात आहे. आम्हाला दिसले ते फक्त स्टेशनचे दिवे. पुढे कापिकुले, तुर्कस्तानचे शेवटचे ठाणे. इथे सगळ्यांनी पासपोर्ट घेऊन खाली उतरायचे. वृद्धांना, झोपलेल्या मुलांना, कोणालाच सूट नाही. डब्याच्या पायऱ्या उंच, फलाट खाली, बाहेर बोचरी थंडी. अम्मीचे गुडघे पाहता हीच आमची खरी काळजी होती. नातवाने एक हात धरला, आम्ही दुसरा, आणि रांगेतल्या अनोळखी माणसांनी न सांगता दोघी म्हाताऱ्यांना पुढे सोडले.

शिक्का बसल्यावर फलाटावरच्या बाकावर दोघी शेजारी टेकल्या. १९८९ मध्ये आपण याच सीमेवर दोन पोरे आणि एक गाठोडे घेऊन आलो, असे बाई म्हणाल्या. तेव्हाच्या पासपोर्टावर नाव दुसऱ्याच बाईचे होते. इकडच्या शिपायाने ते वाचून हाक मारली, तर त्यांना ओ देता येईना. मग त्यांनी पिशवीतून आताचा बल्गेरियन पासपोर्ट काढला आणि लेकीसमोर धरला. वर सिरिलिक लिपीत, खाली रोमन लिपीत, आईबापांनी ठेवलेले नाव. लेकीने ते मोठ्याने वाचले. बाईंनी तिला पुन्हा वाचायला लावले. अम्मी काही बोलली नाही. फक्त आपल्या शालीचे टोक बाईंच्या गुडघ्यांवर ओढून घेतले.

पलीकडे स्विलेनग्रादला बल्गेरियाची तपासणी झाली. दिमित्रोव्हग्रादला बाई उतरल्या. तिथून कार्जालीकडे जायला दुसरा मार्ग आहे. बाहेर अंधारच होता. जाताना अम्मीच्या हातात त्यांनी भाजलेल्या हरभऱ्यांची पुडी दिली, अम्मीने खजुराची पिशवीच देऊन टाकली. पुढे आमचे काय, हा विचार तिला शिवला नाही.

फजरची वेळ पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुर्कस्तानने २०१६ पासून घड्याळ मागेपुढे करणे सोडले आहे, पण बल्गेरियात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते एक तास मागे जाते. मोबाइलने आपोआप वेळ बदलली आणि आम्हाला झोपेचा एक तास बक्षीस मिळाला. फजरनंतर खिडकीत सपाट शेते, धुके आणि दूर डोंगरांची काळी रेघ.

सोफिया स्टेशनवरून मेट्रोने दुसरे स्थानक सेर्दिका. तिथून जवळच बान्या बाशी मशीद, सोळाव्या शतकातली, लाल विटांची. आज शहरात चालू असलेली ही एकच. शेजारी जमिनीतून गरम पाण्याचे झरे निघतात आणि रस्त्यालगतच्या नळांवर शहरातले लोक बाटल्या, कॅन भरून नेतात. पाणी खरोखर वाफाळते. मशिदीत दोन रकात नफल पढून आल्यावर अम्मी तिथल्याच बाकावर बसली. लेकीने इस्तंबूलची रिकामी बाटली नळाखाली धरली. भरलेली बाटली अम्मीने आधी एका गुडघ्यावर ठेवली, मग दुसऱ्या, आणि म्हणाली, "आणखी एक भर."