मूठभराचं देणं

माझ्या शिक्षणाचा खर्च कुणी केला, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही. दादांनी, म्हणजे वडिलांनी, केला नाही, कारण त्यांच्याकडे पैसाच नव्हता. सरकारी सवलत थोडीफार मिळाली. बाकीचं ज्यांनी भागवलं त्यांची नावं कुठल्याही पावतीपुस्तकात सापडणार नाहीत. सत्तरी आली तरी आभार कुणाचे मानायचे हे ठरलेलं नाही.

आमचं गाव आटपाडीकडचं, माणदेशातलं. १९७२ च्या दुष्काळात आई आणि दादा दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर मिलो मिळायचा, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणाच नव्हता. थापताना भाकरीचे काठ फुटायचे आणि परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन-तीन तुकडे व्हायचे. आई आधी पाण्याला उकळी आणायची, त्यात पीठ घालायची, मग कुठे भाकरी जरा धरायची. तिकडे हे जनावरांना घालतात, असं गावात बोललं जाई, आणि ते काही खोटं नव्हतं. त्याच्याही आधी, प्राथमिक शाळेत असताना, दुधाची भुकटी यायची. पोत्यावर हातात हात घेतलेलं चित्र असायचं. त्या परदेशी धान्याचं आणि दुधाचं ऋण मी नाकारत नाही. त्यावर जगलो. पण रांगेत ताटली पुढे करताना मान खाली जायची, हेही खरं.

पुढच्या जूनमध्ये मॅट्रिक होऊन मी साताऱ्याला निघालो. दिघंची, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा एस.टी.चा दिवसभराचा धक्का. सोबत पत्र्याची पेटी आणि शाळेतल्या सरांनी लिहून दिलेली चिठ्ठी. छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घातलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली हे कॉलेज काढलं, तेच मुळी खिशात दमडी नसलेल्या पोरांसाठी. सकाळी उजाडायच्या आत खोरं हातात. वाफे बांधायचे, पाटाचं पाणी फिरवायचं, शेणखत ओढायचं. मग हातपाय धुऊन वर्गात. नखातली माती काही केल्या निघायची नाही, आणि वर्गात शेजारी बसलेल्या वकिलाच्या मुलाला ती दिसायची. पहिल्या महिन्यात मला त्याची लाज वाटली. मग एका सकाळी पाहिलं, तर आमचे एक प्राध्यापकच धोतर वर खोचून आमच्याबरोबर चारी काढत होते. त्यानंतर लाज गेली. ताट समोर यायचं तेव्हा मान वर असायची, कारण त्या ताटात माझाही घाम होता. मिलोच्या रांगेत आणि या पंगतीत फरक होता तो एवढाच. एवढाच म्हणतो खरा, पण आयुष्यभर पुरला.

मेसच्या हिशेबाला एक वयस्कर शिक्षक बसत. ते स्वतः भाऊरावांच्या साताऱ्यातल्या जुन्या बोर्डिंगचे विद्यार्थी. भाऊरावांना ते ‘अण्णा’ म्हणत, आणि म्हणताना आवाज आपोआप उतरायचा. रात्री वह्या मिटल्या की त्यांच्याकडून ऐकायला मिळे. अण्णा मूळचे आमच्याच बाजूचे, वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे, जन्म आजोळी कुंभोजला, १८८७ चा. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना अस्पृश्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, म्हणून बोर्डिंग सोडावं लागलं. शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. ज्याला स्वतःला वसतिगृहातून बाहेर पडावं लागलं, त्याने पुढे सगळ्या जातींच्या पोरांना एका चुलीवरचं अन्न देणारं वसतिगृह काढलं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्याचं बोर्डिंग. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. वाळवा आणि आटपाडी आज ज्यात आहेत तो सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्ये, आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० मध्ये. म्हणून साताऱ्याला ‘परजिल्ह्यात’ शिकलो असं मला कधी वाटलं नाही.

पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, हे शाळेतली मुलंही सांगतील. १९३० साली त्या गेल्या. त्यांची गोष्ट भाषणांतून इतकी वापरली गेलीय की आता टाळ्यांसाठी सांगितली जाते. मला त्याहून जास्त अडकवून ठेवलं ते मुष्टिफंडाने. घरोघरच्या बायका जात्यावर बसताना रोज मूठभर धान्य बाजूला काढून गाडग्यात टाकत. ते बोर्डिंगचं. आमचे हे शिक्षक पोरपणी पोतं खांद्यावर टाकून गावोगाव ते गोळा करायला फिरलेले. एका घरची जोंधळ्याची मूठ, दुसरीकडे बाजरी, तिसरीकडे हुलगे. सगळं एकाच पोत्यात. “निवडायला बसलो असतो तर शाळा बुडाली असती,” ते म्हणायचे, “तसंच दळून आणायचो. भाकरी काळी-पिवळी कशीही व्हायची.” एका घरी म्हातारीकडे द्यायला धान्यच नव्हतं. तिने रिकामं गाडगं दाखवलं आणि ओंजळभर शेंगा दिल्या, वर पोतं उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवलं. या बायकांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. त्यातल्या कितीजणींची पोरं शिकली, देव जाणे.

रयत शिक्षण संस्थेच्या आज सातशेच्या वर शाखा आहेत. कितीतरी इमारतींवर दात्यांच्या संगमरवरी पाट्या आहेत, आणि असू देत, इमारत काही मुठीवर उभी राहत नाही. अण्णांनाही राजेरजवाड्यांची नावं शाळांना देण्याचं वावडं नव्हतं. पण शिवाजी कॉलेजचं नाव बदलाल तर मोठी रक्कम देतो म्हणणाऱ्याला त्यांनी, एकवेळ बापाचं नाव बदलेन पण हे नाही, असं सुनावल्याचं सांगतात. जयंतीला हा किस्सा हमखास होतो. मुष्टिफंडाची मात्र पाटी कुठे लावणार? लावायची म्हटली तर दोन जिल्ह्यांतली प्रत्येक जुनी चूल शोधावी लागेल.

मी पुढे शिक्षक झालो, निवृत्तही झालो. कॉलेजच्या वेळच्या आमच्या खोलीतले काहीजण अजून संपर्कात आहोत. एकजण गलाईच्या धंद्यात केरळात गेला. खानापूर-आटपाडीची कितीतरी घरं अशी सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली आहेत. तो शिकला नाही, पहिल्याच वर्षी घरच्या कर्जापायी कॉलेज सोडून गेला. पण आमच्या छोट्याशा निधीत सगळ्यात वेळेवर पैसे त्याचेच येतात. निधी म्हणजे काय, ना संस्था ना लेटरहेड. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची जी पोरं वसतिगृहात राहतात, त्यातल्या तीन-चारजणांचं मेसचं बिल भागतं. बदल्यात पोरांनी सुट्टीत गावच्या लहान मुलांना शिकवायचं, ही अट गलाईवाल्याने घातली. फुकट देऊ नका म्हणाला, फुकटाचं पोराच्या अंगी लागत नाही.

आमच्या निधीला पैसे पाठवा असं मी म्हणणार नाही, तो आमच्यापुरता आहे. दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली की तुमच्या जवळच्या कुठल्याही वसतिगृहाच्या रेक्टरना जाऊन विचारा, यंदा मेसचं बिल कुणाचं थकलंय. पोराचं नाव विचारू नका, तुमचं सांगू नका. बिल भरा आणि पोराला काम द्या.