रिव्हेटची पकड

आज आमच्या विमानाच्या पंखाच्या फासळ्यांवर पत्रा चढला. जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीचं अ‍ॅल्युमिनियम, हातात धरलं तर थरथरतं. आणि याच्या भरवशावर माणूस हवेत जाणार!

भरवसा खरा रिव्हेटचा. तो खिळ्यासारखा नुसता घुसून बसत नाही. मी बाहेरून रिव्हेट गन चालवते, दादा आतून पोलादी ठोकळा घट्ट टेकवून धरतो. बघता बघता दांडा दबून फुगतो, भोक गच्च भरतो आणि मागे चपटं डोकं तयार होतं. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटचं हे डोकं साधारण ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ उंच हवं. प्रत्येकावर माप टेकवून बघायचं, कंटाळा करायचा नाही. उडताना दोन पत्रे एकमेकांवरून सरकू पाहतात. त्यांना अडवतो तो भोकात ठासलेला दांडाच. वेल्डिंगच्या उष्णतेने या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची ताकद जाते, म्हणून तो मार्ग बंद.

भोकाची कड घासून साफ करणं मला फार आवडतं. नखाला जाणवेल न जाणवेल अशी चीर राहिली, तरी पुढे तिथूनच तडा जाऊ शकतो.

असं बारकाईचं काम करताना अमोल यादव आठवतात. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ मध्ये मुंबईत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात होतं. केवढी चिकाटी ती!

उद्या पंखाची मागची कड. तिथे ठोकळा मावत नाही, म्हणून बाहेरूनच ओढायचे पोकळ पॉप रिव्हेट. ताकदीला ते थोडे उणे, पण आत हातच जात नसेल तर दुसरा इलाज नाही.