मुंबईच्या मंडईवरचा शेतकरी

दोन दिवसांसाठी मुंबईला गेलेला माणूस समुद्र, राणीची बाग आणि उंच इमारती पाहून परततो. या खेपेला आम्ही मंडईही पाहिली. बोरीबंदरला आगगाडीतून उतरले की थोडे चालून क्रॉफर्ड मार्केट गाठता येते. १८६९ साली बांधून झालेल्या या दगडी मंडईला आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतिबांचे नाव इथे शोभतेच.

दारावर मान वर करून पाहा. गव्हाच्या शेतात राबणारी माणसे दगडात कोरली आहेत. लॉकवुड किपलिंग यांनी ती रेखाटली. खाली माणसांचा नुसता लोंढा. वर पाहायला सवड कोणाला?

आत एकसारख्या फळांच्या उतरंडी रचलेल्या दिसतात. डागी माल वेगळा, लहान वेगळा, मोठा वेगळा, आणि प्रत्येकाचा भाव निराळा. आपण मात्र पुष्कळदा सगळा माल एकाच पाटीत भरून पाठवतो. निवडण्याचे काम दुसरा करतो आणि त्याचे पैसेही तोच घेतो.

घाऊक बाजार १९९६ साली इथून नवी मुंबईत वाशीला हलला. मुंबईला जाल तेव्हा ही दोन्ही ठिकाणे पाहा. मुलांना तो दगडातला शेतकरी दाखवा. कारभारणीलाही सोबत न्या. मालाची पारख तिला अधिक. भाव विचारा आणि गावात हाती पडलेल्या पैशांशी ताडून पाहा. त्या हिशोबातूनच पुढच्या हंगामाची अक्कल येते.