निरोप दारातूनच

अम्मी सजद्यातून उठताना पहिल्यांदा अडखळली ती २०१७च्या शबे-बरातला. हात जमिनीला टेकून तिने स्वतःला वर रेटलं, नमाज पुरी केली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "वय झालं आता." आम्हा तिघा भावंडांना ते पटलं. पटवून घेणंच सोयीचं होतं. महिन्याभरात तिच्या खोलीत नमाजसाठी प्लॅस्टिकची खुर्ची आली.

डायबिटीस तिला त्याआधी १५ वर्षं होता. गोळ्या वाढत गेल्या, साखर वाढत गेली आणि अम्मी मात्र कमी होत गेली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवलं तेव्हा तिने "सुई नक्को" म्हणून हात जोडले. मोहल्ल्यातल्या एका चाचांना सुई लागली आणि सहा महिन्यांत ते गेले, एवढाच तिच्याकडे पुरावा. ते कशाने गेले हे तिने विचारलं नव्हतं. आम्हीही नाही. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, कुणी सांगितलेला काढा, यात पावणेदोन वर्षं गेली. दोष तिच्या भीतीला देता येईल. पण घरात शिकलेले आम्ही होतो. आपा तर हायस्कूलला जीवशास्त्र शिकवते.

२०१९च्या फेब्रुवारीत अम्मीला न्हाणीघरात उठताच येईना. आपाने तिला उचललं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली. वजन ४१ किलो भरलं.

आम्ही सगळे साखरेचे आकडे बघत बसलो होतो, मांसाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या शतकातल्या आरेटिअस या ग्रीक वैद्याने या रोगाचं वर्णन केलं ते मांस विरघळून लघवीवाटे वाहून जातं, असं. १९२२च्या जानेवारीत टोरंटोला ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तो लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता आणि त्याचं वजन जेमतेम ३० किलो होतं. इन्सुलिन म्हणजे साखर पेशीत घालणारं औषध, एवढंच आम्हाला पाठ. ते मांस राखण्याचा आणि बांधण्याचाही हुकूम आहे, हे आपाने त्या रात्री पुस्तकं काढून आम्हाला समजावलं.

अब्बा पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणून तिने तीच भाषा धरली. शेठ कधी मागापर्यंत येत नसे. फाटकाशी उभा राहून निरोप द्यायचा, मुकादम तो आत न्यायचा, जॉबरच्या कानावर घालायचा आणि मग माग सुरू व्हायचे. इन्सुलिनचं तसंच. पेशीच्या पडद्यात रिसेप्टर बसवलेले असतात. त्यांचं अर्धं अंग बाहेर, अर्धं आत. इन्सुलिन बाहेरच्या अंगाला चिकटलं की आतलं शेपूट जागं होतं. १९६९ साली पेद्रो क्वात्रेकासास यांनी इन्सुलिन मोठमोठ्या मण्यांना बांधून चरबीच्या पेशींना दिलं. मणी पेशीत शिरणं शक्य नव्हतं, तरी पेशींनी हुकूम पाळला. (मण्यांवरून थोडं इन्सुलिन सुटत असावं, अशी शंका पुढे घेतली गेली, पण दार पडद्यातच आहे, हे इतर प्रयोगांनीही दाखवलं.)

आत निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात टॉर नावाच्या खटक्यापाशी पोहोचतो. या नावाची गोष्ट लांबून येते. १९६४ साली ईस्टर बेटावर गेलेल्या एका मोहिमेने तिथून माती आणली. त्या मातीतल्या जिवाणूपासून मॉन्ट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रापामायसिन काढलं. ते नेमकं कशावर बसतं, हे १९९१ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला यीस्टवर काम करताना कळलं. म्हणून टॉर, म्हणजे 'रापामायसिनचं लक्ष्य'.

टॉर पुढे काय करतो, ते ऐकताना आम्ही तिघे ताठ बसलो होतो. माग म्हणजे रायबोसोम, नक्षीचा कागद म्हणजे आरएनए. काम सुरू करून देणारं एक प्रथिन असतं, त्याचा हात दुसऱ्या एका प्रथिनाने धरून ठेवलेला असतो. टॉरचा इशारा आला की तो हात सुटतो, रायबोसोम नक्षी वाचू लागतो, नवं प्रथिन विणलं जातं. पण टॉर एकाच्या शब्दावर हलत नाही. निकाहला दोन साक्षीदार लागतात तसे त्यालाही लागतात: एक बाहेरून आलेला इन्सुलिनचा निरोप, दुसरी आत हजर असलेली अमिनो आम्लं, म्हणजे डाळ, अंडी, मटण यांतून आलेलं सूत. कांड्याच नसतील तर माग चालवून उपयोग काय? आणि आम्ही अम्मीचं मटण बंद केलं होतं, "शुगर आहे" म्हणून!

आपाने आणखी एक गोष्ट सांगितली. मोठ्या माणसात इन्सुलिनचं निम्म्याहून जास्त काम बांधण्याचं नसून पाडकाम थांबवण्याचं असतं. निरोप आला नाही की शरीर आपलंच मांस मोडून खातं. अम्मीचं स्वादुपिंड १५ वर्षांत थकलं होतं, आणि जेवढा निरोप निघे तोही दारातून आत नीट जात नव्हता. पावणेदोन वर्षं ती आमच्यासमोर मोडली जात होती.

सुई सुरू झाली. पहिल्या दिवशी तिने बिस्मिल्ला म्हणून डोळे मिटले आणि उघडून विचारलं, "झालं?" चार महिन्यांत साडेतीन किलो वजन वाढलं. त्यातलं सगळंच मांस नव्हे, चरबीही होती. डॉक्टरांनी रोज खुर्चीवरून दहादा ऊठबस करायला लावलं. रमजानमध्ये तिला रोजे मना झाले, फिदिया दिला, तरी इफ्तारला ती सगळ्यांच्या आधी दस्तरखानवर बसायची.

त्या पावणेदोन वर्षांबद्दल तिने आम्हाला कधी काही विचारलं नाही. आम्हीही तिच्यासमोर विषय काढलेला नाही.

खुर्ची अजून तिच्या खोलीत आहे. फजरच्या सुन्नतच्या दोन रकाती ती जमिनीवर पढते, फर्जच्या दोन खुर्चीवर. उलट कर, फर्ज जमिनीवर पढ, असं आपा सांगते. अम्मी म्हणते, सुरुवातीला पायात जोर असतो.