बहात्तरची खडी आणि आमची आजी

“सरकारनं फुकट देऊन देऊन लोक आळशी करून ठेवलेत.” सावेडीत कुठल्याही टपरीवर दहा मिनिटं बसा, हे वाक्य कानावर पडतंच. मला अशा वेळी आमची आजी आठवते.

आजी पाथर्डी तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती पस्तिशीची, पदरात चार लेकरं. आधीची दोन वर्षंही पावसानं दगा दिलेला. बैलजोडी मातीमोल विकली. आजोबा काम शोधत पुण्याकडं गेले आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला.

ती सांगायची, अंधारातच उठून मिलोची भाकरी बांधून निघायचं. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. थापता थापता भाकरी चिरायची. बोटांना चिंध्या गुंडाळून दिवसभर हातोडी. संध्याकाळी मुकादम खडीचा ढीग मापणार, त्यावर मजुरी. कामावर सुकडी मिळायची. त्यातली अर्धी पदराला बांधून धाकट्यासाठी घरी. तो धाकटा म्हणजे माझे वडील.

अशी आजी एकटी नव्हती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांच्या घामातून रस्ते झाले, पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली.

यातूनच रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली, मजुरांच्या मोर्चांनी ती लावून धरली. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता. म्हणजे मेहेरबानी नाही, हक्क. २००५ साली हीच कल्पना देशाचा कायदा झाली.

नोकरदार मित्रांनो, पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जातो ना? तो १९७५ ला सुरू झाला तो याच रोजगार हमीसाठी. शहरानं गावाला दिलेला तो हात होता. आज हे किती जणांना माहीत आहे?

रोहयोत घोटाळे झाले नाहीत असं मी म्हणत नाही. बोगस मस्टरच्या बातम्या मी स्वतः केल्यात. पण चोर सापडला तर चोराला धरा. उन्हात दगड फोडून मस्टरवर अंगठा देणाऱ्या बाईला फुकटी म्हणू नका.

एकदा टीव्हीवर अशीच चर्चा चालू असताना आजी म्हणाली होती, “आमी फुकाट न्हाई खाल्लं बाबा. दगुड फोडून खाल्लं.”

धरणावर मंत्र्याच्या नावाची पाटी असते. पाझर तलावावर आजीचं नाव कुठंच नाही. मस्टरवर होता तो अंगठा, ते कागदही कधीच रद्दीत गेले असतील.

तुमच्या घरातलं कुणी बहात्तरला खडीवर गेलं असेल तर त्यांचं नाव, गाव आणि काम खाली लिहा. ती माणसं आता एकेक करून चाललीत. निदान आपण तरी त्यांची हजेरी लावू.