बर्फाचा बोळा

घरी नवी वस्तू आली की आपण घाईघाईने खोके उघडतो. सायकल असो, मिक्सर असो की शिवणयंत्र असो, सर्वांचे लक्ष त्या वस्तूकडे असते. खोक्याच्या तळाशी एक छापील कागद पडलेला असतो. तो फारसा कोणी वाचत नाही. तो कागद म्हणजे वॉरंटी कार्ड. 'ठरावीक मुदतीत आमच्या दोषामुळे ही वस्तू बिघडली, तर आम्ही ती पैसे न घेता दुरुस्त करून देऊ,' असे वचन त्यावर असते. हे वचन प्रत्यक्षात कसे मिळवावे लागते, हे मी एका फार थंड गावी अनुभवले. तीच हकिकत तुम्हांला सांगतो.

मी मूळचा नाशिक जिल्ह्यातला. आमच्याकडे निफाडला पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरला, की वर्तमानपत्रांत बातमी येते. नोकरीसाठी मी कॅनडातील विनिपेग शहरात गेलो, तेव्हा थंडी या शब्दाचा खरा अर्थ मला कळला. विनिपेग ही मॅनिटोबा प्रांताची राजधानी. समुद्रापासून दूर, सपाट मैदानात वसलेले हे शहर आहे. तेथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असते. काही रात्री ते उणे ३० च्याही खाली जाते. नद्या गोठतात आणि लोक त्यांवरून चालतात. तेथील मोटारींच्या तोंडाशी विजेची एक वायर लोंबत असते. नवख्या माणसाला वाटते, या सगळ्या मोटारी विजेवर चालतात की काय! पण ती वायर इंजिन उबदार ठेवणाऱ्या हीटरची असते. रात्री ती प्लगमध्ये खोचून ठेवली, म्हणजे सकाळी इंजिन सहज सुरू होते.

माझी मोटार तीन वर्षांची होती. तिच्या इंजिनाची वॉरंटी पाच वर्षांची होती. जानेवारी २०१९ च्या अखेरीस तेथे कडाक्याची थंडी पडली. माझी पत्नी एका रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून ती सकाळी घरी येणार होती. तिला आणायला मी निघालो. हीटर रात्रभर चालू होता. गाडी नेहमीसारखी सुरू झाली. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर वीस मिनिटे गेली असतील, तोच ऑइलचा लाल दिवा लागला. इंजिनातून खडखड आवाज आला. मी ताबडतोब इंजिन बंद केले आणि गाडी कडेला घेतली. उतरून मागे पाहिले, तर पांढऱ्या बर्फावर तेलाची काळी रेघ उमटली होती. हातमोजा काढून मी मोबाइलवर तिचे फोटो घेतले. तेवढ्यात बोटे बधिर झाली.

ट्रकने ओढून गाडी डीलरच्या आवारात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील व्यवस्थापकांनी मला बोलावले. ते शांतपणे म्हणाले, "इंजिनात तेल नाही. तेलावाचून चालल्यामुळे इंजिन निकामी झाले आहे. तेल पाहणे हे मालकाचे काम. त्यामुळे ही दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. नवे इंजिन बसवायला आठ हजार डॉलर लागतील."

आठ हजार डॉलर! आमच्याजवळ जवळपास तेवढीच शिल्लक होती. ती आम्ही गावी आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवली होती. क्षणभर मला काही सुचेना. रागही आला. पण मी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करत असे. यंत्र बंद पडले की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, 'का?' तोच प्रश्न मी त्यांना विचारला, "तेल संपले, हे खरे. पण ते का संपले?"

मित्रांनो, येथे थोडे विज्ञान समजून घ्या. पेट्रोल जळते तेव्हा धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण एक लिटर पाणी तयार होते! बहुतेक वाफ धुरांड्यातून बाहेर जाते. थोडी मात्र पिस्टनच्या कडेने इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या कोठीत शिरते. हे वायू तेथे साठू नयेत म्हणून एक नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. ही इंजिनाची श्वासनलिकाच समजा. कडक थंडीत या नळीत वाफेचे पाणी होते आणि पाण्याचा बर्फ होतो. नळी बंद झाली, की आतला दाब वाढतो. मग तो दाब जेथे सील कमजोर असेल, तेथून तेल बाहेर ढकलतो. बर्फावरची ती काळी रेघ मला हेच सांगत होती.

मी म्हणालो, "साहेब, कृपा करून गाडी गरम वर्कशॉपमध्ये घेण्याआधी ब्रीदरची नळी काढून पाहा. गाडी आत गेली की बर्फ वितळेल, आणि त्याबरोबर पुरावाही जाईल."

व्यवस्थापकांनी थोडा विचार केला आणि एका वयस्कर मेकॅनिकला हाक मारली. त्याने आवारातच बॉनेट उघडले, नळी सोडवली आणि ती कागदावर आपटली. अंगठ्याएवढा बर्फाचा बोळा बाहेर पडला. मी त्याचाही फोटो घेतला. आम्ही तिघे त्या बोळ्याकडे पाहत राहिलो. मेकॅनिक एवढेच म्हणाला, "या थंडीत मालकाने तेल कितीही वेळा पाहिले असते, तरी हे टळले नसते."

तरीही काम लगेच झाले नाही. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कंपनी देते. कंपनीने बिल नाकारले, तर नुकसान डीलरचे होते. म्हणून असा माणूस आधी 'नाही' म्हणतो. हे लक्षात आल्यावर माझा राग ओसरला. व्यवस्थापक माझे शत्रू नव्हते. कंपनीपुढे ठेवायला त्यांना भक्कम कागद हवे होते. ते मी दिले. तीन वर्षांत जेव्हा जेव्हा तेल बदलले, त्या प्रत्येक वेळची पावती माझ्या फाइलमध्ये होती. शेवटची पावती नोव्हेंबरची होती. पावत्यांच्या प्रती, दोन्ही फोटो आणि एक पानाचे पत्र मी त्यांच्या हाती दिले. इंग्रजी ही माझी मातृभाषा नाही. म्हणून मी वाक्ये लहान ठेवली. काय घडले, कधी घडले आणि माझी मागणी काय आहे, एवढेच लिहिले. रागाचा एकही शब्द लिहिला नाही. पत्र पोचल्याची सही मात्र माझ्या प्रतीवर घेतली.

पुढचे अकरा दिवस आम्ही दोघे बसने ये-जा केली. बाराव्या दिवशी कंपनीचे उत्तर आले. नवे इंजिन विनामूल्य मिळाले. नळीही सुधारित, गोठू नये म्हणून जाड वेष्टन असलेली बसवली. गाडी ओढून नेण्याचा खर्चही परत मिळाला. बसचे भाडे मात्र मिळाले नाही. ते मी सोडून दिले. दुरुस्तीच्या कागदावर 'ब्रीदर गोठल्यामुळे बिघाड' असे कारण लिहून घेतले, मगच किल्ली हातात घेतली. त्याच वर्षी आईची शस्त्रक्रिया झाली.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे नद्याही गोठत नाहीत आणि इंजिनेही. खरे आहे. पण पंखा बंद पडतो, मोबाइल बिघडतो, आणि दुकानदार म्हणतो, "हे वॉरंटीत येत नाही." अशा वेळी गप्प बसू नका आणि भांडूही नका. आधी 'का?' असे विचारा. आपल्या देशात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडून सल्लाही मिळतो. पण तेथेही पहिला प्रश्न हाच असतो, "पावती आहे का?"

तुमची मातृभाषा उर्दू आहे आणि मराठी तुम्ही शाळेत शिकत आहात. मराठीच्या तासाला तक्रारीचे पत्र लिहायला सांगितले, की काही मुले कंटाळतात. तुम्ही कंटाळू नका. उद्या तुमच्या आईचे शिवणयंत्र वॉरंटीच्या मुदतीत बंद पडले, तर घरातून ते पत्र कोण लिहिणार? तुम्हीच ना?